जावयाचे चाक

माझ्या सासुरवाडीच्या पिकअपचे मागचे डावे चाक आमच्या आधी लग्नाला पोहोचले, आणि त्याचे स्वागत माझ्यापेक्षा बरे झाले.

ही पिकअप माझे मेव्हणे बालाजीराव यांची. भोकरजवळच्या त्यांच्या गावातली हळद, सोयाबीन, आजारी म्हैस आणि प्रचाराला निघालेले कार्यकर्ते हे सर्व तिने समभावाने वाहिले आहे. तिचा एक दरवाजा सुतळीने बांधावा लागतो आणि दुसरा उघडतच नाही. (हॉर्न स्वतःच्या मर्जीने वाजतो, त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही.) माझ्या धाकट्या मेव्हणीचे लग्न ठरले, वऱ्हाड शिरूर अनंतपाळहून येणार होते, आणि सासूबाईंनी उन्हाळाभर खपून सजवलेले रुखवत याच गाडीतून भोकरच्या मंगल कार्यालयात न्यायचे होते. वराकडच्या विहीणबाई रुखवत फार बारकाईने पाहतात, अशी खबर आधीच आली होती. त्यामुळे करंज्यांचा मनोरा आणि कुरडयांचे देऊळ यांतली एकही करंजी न हलता ते पोहोचेल की नाही, या काळजीने सासूबाईंनी जेवण सोडले होते.

बालाजीरावांची काळजी निराळी होती. "दाजी, व्याही गाडी बगतेत आधी," ते मला म्हणाले. "गंजल्या चाकावर रुखवत न्यायचं मंजी लई शोभा होईल."

म्हणून त्यांनी नांदेडहून नव्या मॉडेलची चाके आणली, आणि सोबत आरशासारखे चकाकणारे नट. ती चाके त्या गाडीखाली ठेवल्यावर एखाद्या धोतरवाल्या आजोबांनी धावपटूचे बूट घातल्याचा भास होत होता. गॅरेजमध्ये बसवून घेतली असती तर हा लेख घडला नसता. परंतु गाडीला नवी वस्तू लागणार म्हणजे पूजा होणार, आणि पूजा होणार म्हणजे ती दारातच होणार.

जॅकवर गाडी चढली, नारळ फुटला, आणि चुलत सासरे तात्या म्हणाले, "नव्या चाकाला घरच्या मान्सायचा हात लागू द्या. पयला नट माझा."

"मग आमी काय निस्ते जेवायला आलो का?" सासूबाईंचे बंधू म्हणाले.

त्यानंतर पाना प्रसादासारखा फिरला. प्रत्येकाने नट अर्धा वळसा फिरवावा आणि उरलेला दुसऱ्याला देऊ करावा.

"तुमी आवळा."

"नगं, नगं. तुमी वडील हाव."

अशा रीतीने तीन चाके कोणाच्याही भावना न दुखावता आणि फारशी न आवळता बसली. चौथ्या चाकापाशी तात्यांनी हात वर केला. "हे आख्खं चाक दाजीचं. जावायाचा मान!"

मला भरून आले. मी लातूरच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो; तिथे मला वर्गाचा पंखादेखील विचारून लावावा लागतो. कोनशिला बसवणारे पाहुणे एकच थापी सिमेंट लावतात आणि भिंत पुढे गवंडीच बांधतो, हे मी अनेक समारंभांत पाहिले होते. त्याच धर्तीवर मी प्रत्येक नट बोटांनी हलकेच फिरवला, चाकाला कुंकू लावले, झेंडूची माळ गुंफली आणि नमस्कार केला.

"दाजी, झालं?" बालाजीरावांनी विचारले.

"झाले असावे," मी म्हणालो. (याहून ठाम विधान माझ्या तोंडून सहसा निघत नाही.)

सासूबाई पाहुण्यांच्या जीपमधून पुढे गेल्या. जाताना म्हणाल्या, "जावईबापू, रुखवत तुमच्यावर सोडलंय बगा." लग्नानंतर त्यांनी प्रथमच माझ्यावर काही सोडले होते. मी मागच्या हौद्यात मनोऱ्याला कवेत घेऊन बसलो.

थोड्याच वेळात माझ्या खालून टकटक असा आवाज येऊ लागला. सांगावे की नाही, याचा मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि अखेर केबिनच्या काचेवर अतिशय सभ्यपणे टिचकी मारली. बालाजीरावांच्या शेजारी बसलेल्या तात्यांनी वळून पाहिले आणि हात जोडले. मीही जोडले.

मंगल कार्यालयाच्या उतारावर गाडी मागच्या डाव्या अंगाने म्हशीसारखी खाली बसली. मनोरा कलला; मी पाठीवर आडवा झालो आणि तो छातीवर झेलला. बालाजीराव सुतळी सोडून धावत मागे आले.

"चाक कुटं हाय?"

"लग्नाला गेले," मी पडल्यापडल्या म्हणालो.

"तुमी आवळलं न्हवतं?"

"तो केवळ मान आहे, असा माझा समज झाला. नंतर तुम्ही आवळले असेल ना?"

"बाकीची तिन्ही आवळली की म्या, मानसं पांगल्यावर! तुमचं कसं आवळू? जावायानं हात लावल्यावर म्या पुना पाना लावायचा मंजी तुमचा अपमान न्हाई का?"

या युक्तिवादात मला आजवर दोष सापडलेला नाही.

शेवटी तात्यांनी रुखवताची ताटे डोक्यावर घेतली, बालाजीरावांनी कुरडयांचे देऊळ आणि मी मनोरा उचलला, आणि आम्ही उतार पायी उतरलो. कार्यालयाच्या दारात बँड थांबला होता. हळदकुंकू ल्यालेले, माळ घातलेले आमचे चाक मांडवात शिरून, एक गिरकी घेऊन, विहीणबाईंच्या पुढ्यात अदबीने आडवे झाले होते. त्यांनी त्याला ओवाळले होते आणि त्यावर नारळही ठेवला होता.

"तुमच्याकडं रुखवताच्या आदी चाक पाठवायची रीत हाय का?" त्यांनी सासूबाईंना विचारले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सबंध उन्हाळा गोळा झाला होता.

"हो," मी म्हणालो. "पूर्वापार."

"लई देखणी रीत हाय. आमच्याकडं निस्तं रुखवत येतं."

मग त्यांनी मनोऱ्याभोवती फेरी घातली. एकही करंजी हललेली नव्हती. (एक माझ्या सदऱ्याच्या खिशात चिरडली होती, ती मोजणीत धरलेली नाही.) सासूबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

आता शिरूर अनंतपाळला विहीणबाईंच्या मुलीचे लग्न निघाले आहे. "चाकवाले दाजी आदल्या दिसीच पाठवा, रीत बराबर व्हाया पायजे," असा निरोप आला. मी बालाजीरावांना विचारले, "सोबत पाना न्यावा का?"

"पाना कशाला, दाजी?" ते शांतपणे म्हणाले. "तुमी निस्ता हात लावा. चाक आपोआप निगंल."

माझ्या कर्तृत्वावर इतका गाढ विश्वास आजवर कोणीही दाखवला नव्हता.