अप्पांचं खातं आणि माझा टंबलर

माझे सासरे मला एलियन समजायचे.

थट्टेत नाही. त्यांनी तसं छापलं होतं.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. नवऱ्याला, श्रीनिवासला, विचारलेलं नाही. त्याला आवडणार नाही बहुतेक.

अप्पा तंजावरी मराठी, जन्म चेन्नईतल्या मैलापूरचा. आयुष्यभर तमिळमध्ये कॉमिक्स काढली. त्यात एक उडणारा सुपरहिरो होता, पण अप्पांचा जीव त्याच्यात नव्हता. जीव होता 'परग्रह प्रतिबंधक खात्या'त.

हिरो आभाळात मारामारी करायचा आणि खातं खाली राहून, माणसांत मिसळलेले एलियन हुडकायचं. ऑफिस मैलापुरातच, एका पापडाच्या दुकानाच्या माडीवर.

एलियन कुणाचाही चेहरा घ्यायचे, आवाज घ्यायचे. मशीनला सापडायचे नाहीत. मग खात्याची एकच टेस्ट. समोरच्याला फिल्टर कॉफी द्यायची आणि बघत बसायचं.

इथला माणूस कॉफीचा पेला, म्हणजे टंबलर, उंच धरतो आणि ओठ न लावता घशात धार सोडतो. उष्टं होऊ द्यायचं नाही, ही लहानपणापासूनची शिस्त.

एलियन तोंड लावतो. लावलं की बेड्या.

आता मी सांगलीची. आमच्याकडे चहा बशीत ओतून फुर्रकन पितात.

लग्नाआधी पहिल्यांदा मैलापूरच्या घरी गेले. अप्पांनी स्वतः कॉफी आणून दिली आणि समोर बसले. मी टंबलर तोंडाला लावला.

अप्पा नुसते बघत राहिले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

पुढच्या अंकात नवी एलियन आली. सिल्कची साडी, चष्मा, आणि नाक तंतोतंत माझं. कॉफीला तोंड लावते आणि पुढच्याच चौकटीत अटक.

मी अंक घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "अप्पा, ही मी आहे ना?"

"नोहे गा. कोइन्सिडन्स."

बोलताना ब्रश धुवत होते. वर बघितलंसुद्धा नाही. माझा तेव्हा विश्वास बसला नाही आणि आजही बसत नाही.

मग मीही हट्टाला पेटले. सिंकपाशी उभी राहून पाण्यावर प्रॅक्टिस केली. ठसके लागले, ब्लाऊज भिजले, श्रीनिवास हसून हसून आडवा झाला. पण शिकले. पुढे तर गरम कॉफीसुद्धा एक थेंब न सांडता प्यायला लागले.

अप्पांनी ते पाहिलं. शाबासकी नाही, काही नाही. मला वाटलं, चला, फाईल बंद झाली.

वर्षं गेली. माझ्या सासूबाई, अम्मा, गेल्या, कॉमिक बंद पडलं. मग अप्पांची मेमरी गेली आणि आम्ही त्यांना वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटवर आणलं.

बाकी सगळं पुसलं, फक्त खातं राहिलं.

आल्यागेल्याची टेस्ट सुरू झाली. फिजिओथेरपिस्टची, वॉचमनची, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंची. पोटच्या मुलालासुद्धा सोडलं नाही. श्रीनिवास पास झाला.

एक दिवस मी गोळ्या आणि कॉफी घेऊन गेले, तर म्हणाले, "आधी तू पी."

मी टंबलर उंच धरला. झकास धार. एक थेंब सांडला नाही.

अप्पा ताडकन उठून बसले.

"ही ती नोहे! आमची सून कोठे आहे? काय केलंत तिज?"

त्या दिवसापासून माझ्या हातचं सगळं बंद. गोळ्या नाहीत, रसम-भात नाही, पाणीसुद्धा नाही. श्रीनिवास दिवसभर ऑफिसात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल.

मी रडले. चिडलेही. इतकी वर्षं काढून पुन्हा परग्रहावर?

शेवटी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सरळ विचारलं. "अप्पा, तुमची सून कशी आहे? सांगा, शोधून आणते."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, खात्याचं गुपित फोडावं तसं म्हणाले, "ती तोंड लावून पिते. तू शिकून आलीस. आमच्या सुनेस हे येत नाही."

मी उठून कॉफी करून आणली.

मग टंबलर उचलला, ओठांना लावला आणि फुर्र केलं. सांगलीसारखं.

अप्पांचा चेहरा असा फुलला!

"आलीस? कोठे नेलं होतं तुज?"

"इथेच होते अप्पा."

"सरी, सरी. दे ती गोळी."

मी पाण्याचा दुसरा टंबलर भरायला उठले, तर त्यांनी माझ्याच हातातला घेतला. माझा उष्टा. हात थरथरत होते, उंच धरणं जमेना. मग ज्या माणसाने उभ्या जन्मात भांड्याला ओठ लावला नव्हता, त्याने तोंड लावलं आणि त्या कॉफीबरोबर गोळी गिळली.

शेवटपर्यंत तसंच चाललं. आधी माझा घोट, मग त्यांचा.

श्रीनिवास म्हणतो, त्यांना तेव्हा काही कळत नव्हतं. उष्टं वगैरे सगळं विसरले होते.

मला संशय आहे. जो माणूस माझी पहिली कॉफी विसरला नाही, तो उष्टं विसरेल? मला वाटतं त्यांना पक्कं कळत होतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, कोइन्सिडन्स.

अप्पा, तुमची फार आठवण येते. खरंच फार.

आज सकाळी श्रीनिवासने अप्पांच्या फोटोपुढे कॉफी ठेवली. ताजं डिकॉक्शन, वर फेस, सगळं सोवळ्यात. नैवेद्य उष्टा चालत नाही, हे मलाही माहीत आहे.

तो हार आणायला खाली गेला. तेवढ्यात मी टंबलर उचलला, तोंड लावून एक घोट घेतला आणि परत होता तिथे ठेवला.

नाहीतर अप्पा घ्यायचे नाहीत. त्यांना संशय येईल.

अप्पा, मीच आहे. घ्या.