फटफटीचा ठेका

आबांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, कान गेले ते थंडीतापानं. सरकारी दवाखान्यातल्या कडू गोळ्या पोटात गेल्या, ताप उतरला आणि तापाबरोबर ऐकणंही गेलं. माणूस वाचला म्हणून मायनं देवापुढं नारळ फोडला. पण आबा वाचले असं माझ्या तोंडून काही निघत नव्हतं. बीडकडून वर नेकनूरच्या बाजाराला जाताना घाट लागतो, त्या घाटाखाली आमचं गाव. त्या सगळ्या पंचक्रोशीत आबांसारखा पखवाज वाजवणारा माणूस नव्हता. त्यांची थाप पडली की भजनात पेंगणारे म्हातारे ताठ बसायचे.

कान गेल्यावर ते एकदाच भजनाला गेले. ताल सुटला आणि कुणीतरी तोंड फिरवून हसलं. ते हसणं आबांनी बघितलं. घरी येऊन पखवाज खोळीत घातला, खुंटीला टांगला, आणि मग त्याच्याकडं मान वर करून बघणं सोडलं. हळूहळू बोलणंही सोडलं. ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे. माय भाकरीचं ताट पुढं सरकवायची, ते जेवायचे, पुन्हा भिंत. अशा जिवंत माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मी तेव्हा बीडला कापसाच्या जिनिंगात इंजिनावर होतो. निजामाचं राज्य होतं. कचेरीतल्या एका बड्या साहेबाची हैदराबादेला बदली झाली आणि त्याची जुनी फटफटी मी घेतली. गावात दुसरी नव्हती. पोरंबाळं मागं पळायची आणि मी छाती काढून बसायचो. पण बाईसाहेब सपाटीवरच्या राणी! बाजाराला निघालो की घाटाच्या दुसऱ्या वळणाला धापा टाकायच्या, तिसऱ्याला बसायच्या. मी खाली उतरून ढकलायचो. गाडीवान दात काढून विचारायचे, "काय बे, बैलं जोडू का तुज्या इंग्रजाला?" घरी येऊन मी घाटाला शिव्या घातल्या की माय म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं."

मग एका सुट्टीला मी अंगणातच फटफटी उघडली. खोट कुठं आहे ते मला कळलं होतं. इंजिनाचा धूर मागं एका जाड नळकांड्यातून बाहेर पडतो. आवाज दाबायला त्या नळकांड्यात आत भोकं पाडलेल्या चकत्या बसवलेल्या असतात. पेट्रोल मिळायची मारामार, म्हणून मी त्यात घासलेट मिसळायचो आणि त्याची काजळी त्या भोकांत बसून गच्च झाली होती. नाकात कापूस कोंबून एखाद्याला डोंगर चढायला लावावं, तशातली गत.

नळकांडं सोडवलं, गोवऱ्यांच्या जाळात घातलं, लालभडक झाल्यावर काढून गार केलं आणि ठोकलं. एवढी काजळी पडली की माय म्हणाली, "आता हे काजळ कंच्या लेकराला लावायचं सांग." मी म्हटलं, चकत्याच नकोत. सगळ्या उपसून काढल्या आणि किक मारली. अरे बापरे! तोफच! मागून जाळ निघाला, कोंबड्या कौलावर गेल्या, शेजारीण घमेलं टाकून पळाली. वर मजा अशी, की आवाज वाघाचा आणि जोर शेळीचा. आधी चढायची त्याहून कमी चढू लागली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. आम्ही स्वतःला इंजिनवाले म्हणवणारे, आणि ही गत.

बराच वेळ डोकं धरून बसल्यावर उमगलं, की धुराला वाट मोकळी पाहिजे खरी, पण मोकाट नको. चकत्यांमधल्या निम्म्या परत घातल्या, त्यांची भोकं सुताराचा भोकं पाडायचा सामता आणून रुंद केली. इंजिनात तेल सोडणारी सुई एक खाच वर उचलली. दिवस कलला होता. पुन्हा किक मारली.

आता तोफ नव्हती. खोल, गोल, भरलेला आवाज. ढग्, ढग्, ढग्. जमीन पायाखाली हलत होती. मी नुसता ऐकत उभा राहिलो. आपल्या हातून हे झालं यावर माझाच विश्वास बसेना.

आणि ओसरीवर आबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"कोन वाजवतंय?" ते म्हणाले.

मायच्या हातातली परात खाली पडली. तिचा खणखणाट आबांनी ऐकला नाही, पापणीसुद्धा हलली नाही. ते उठले, अंगणात आले, फटफटीच्या टाकीवर पंजा ठेवला, डोळे मिटले. कानानं ऐकलं की छातीनं, की पायातून वर चढलं, मला आजही सांगता येत नाही. पण त्यांची मान हलत होती. ज्या चढणीसाठी एवढा खटाटोप केला, ती दुसऱ्या दिवशी एका दमात चढलो, आणि मला त्याचं काही वाटलंच नाही बघा. कधी घरी जाऊन आबांपुढं इंजिन चालू करतो असं झालं होतं.

आता ते वाट बघू लागले. मी बीडहून आलो की ओसरीवरून उतरून यायचे, टाकीवर हात ठेवायचे. मायला एक-दोन शब्द बोलायचे. "मीठ कमी हाय" एवढं म्हणाले तरी माय दिवसभर हसायची.

पण बैलांना काय सांगणार? बाजाराच्या दिवशी घाटात माझा आवाज ऐकून एक जोडी बिथरली, गाडी कलंडली आणि गाडीवान चिखलात जाऊन पडला. हात-पाय शाबूत राहिले ही देवाची कृपा. पाटलांनी बोलावून घेतलं. "लेका, तुजा बाप तुला लाखाचा हाय, आमाला ठावं हाय. पन आमाला आमची बैलं बी हायत." पाठोपाठ पोलीसठाण्यातल्या अमीनसाहेबांचा हुकूम आला. या तो आवाज बंद, या तो गाडी जप्त.

चूक माझीच होती. काढून ठेवलेल्या चकत्याही परत बसवल्या.

संध्याकाळी आबा खाली उतरले. टाकीवर हात ठेवला, मग दुसरा ठेवला. वाकून छाती जवळ नेली. माझ्याकडं बघितलं.

"कावून गप केली तिला?"

मी हातवारे केले, बैल दाखवले, पाटलांच्या वाड्याकडं बोट केलं. काय कळलं देव जाणे. ते पायऱ्या चढले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मला माझाच राग आला. एवढा, की फटफटी विकून टाकायची असं मी मायला सांगूनही टाकलं.

माय चुलीपुढं होती. वरण उकळत होतं. ती म्हणाली, "ते इकायचं मागनं बघू, आदी झाकन सरकव, उतू चाललंय."

मी झाकण सरकवलं. आणि तसाच पळी हातात घेऊन बसलो. झाकण! नळकांडं आहे तसं राहू द्यावं, त्याच्या अलीकडं नळीलाच बेताचं भोक पाडावं, त्यावर बिजागरीचं झाकण बसवावं, झाकणाची तार मुठीपाशी आणावी. गावात बंद, रानात उघडं. "आगं माय, तुज्या तोंडात साखर!" मी ओरडलो. ती म्हणाली, "साखर ऱ्हाऊ दे, वरन बघ."

बनवायला पुष्कळ दिवस गेले. झाकण तापून वाकडं व्हायचं, तार तुटायची. शेवटी जमलं. बाजार नसलेला दिवस बघितला, आबांचा हात धरून त्यांना फटफटीपाशी आणलं आणि मागं बसवलं. ते आजवर कधी बसले नव्हते. ठेवलेल्या पोत्यासारखे बसले, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. पाटलांच्या दारावरून आम्ही अगदी सभ्य माणसांसारखे गेलो.

घाटाच्या पायथ्याला थांबलो. वरपर्यंत नजर टाकली. गाडी नाही, बैल नाही, माणूस नाही. गिअर टाकला आणि चढण लागताच तार ओढली.

आवाज सुटला तो डोंगराला जाऊन धडकला आणि दुप्पट होऊन परत आला. आबांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आले. मला वाटलं, भ्यायले. वेग कमी करणार, तोच हात खांद्यांवरून खाली सरकले आणि उजव्या हाताची थाप माझ्या पाठीवर पडली. मग डाव्याची. मग बोटं.

ते वाजवत होते! इंजिनाची ढग् आली की तिच्यावर बरोबर थाप, आणि दोन ठोक्यांच्या मधे बोटांची ती बारीक पेरणी. वळणाला इंजिन मंदावलं की तेही मंदावायचे, सरळ चढ लागला की लय दुप्पट करून दुगण वाजवायचे. एक मात्रा इकडची तिकडं नाही. एवढी वर्षं हे बोटांत कुठं राहिलं होतं? माझ्या डोळ्यांना धार लागली. रस्ता दिसेना. तरी मुठीवरचा हात हलू दिला नाही, कारण इंजिन हललं तर ताल हलेल ही भीती.

माथ्यावर येऊन थांबलो. इंजिन बंद केलं. रान एकदम गप झालं. आणि माझ्या पाठीवर आबांची बोटं चालूच होती. मी हललो नाही. त्यांनी तोच बोल तीनदा फिरवून तिहाई घेतली, समेवर थाप दिली आणि मगच हात उचलले.

मी मागं वळून बघितलं. आबा खाली, चढून आलेल्या वाटेकडं बघत होते.

"चल," ते म्हणाले, "खालनं परत येऊ."