ताटाएवढं भोक

आख्ख्या जोगेश्वरीत माझ्या मोठ्या चुलतभावाइतका ताठ माणूस झाला नाही. तो ऑफिसात साहेबापुढे वाकला नाही, सोसायटीच्या चेअरमनपुढे वाकला नाही, सासऱ्यापुढे तर नाहीच नाही. वाकायचा तो फक्त पलंगाखाली, जुन्या सिनेमांची पोस्टरं काढायला. दोन खोल्यांत चार माणसं आणि दोनशे पोस्टरं राहत होती. ट्रंकेत पोस्टरं, आणि वहिनीचा लग्नातला शालू बाहेर खुंटीवर, पिशवीत. पाहुणा आला की दादा म्हणायचा, "हात धुऊन या." पाहुण्याला वाटायचं, आता पान वाढतायत. तो हात पुसून बसला की त्याच्यापुढे पोस्टर उलगडलं जाई. घरोघरी व्हिडिओ आला तेव्हा चेअरमन जिन्यात म्हणाले, "अहो, आता सिनेमाच घरी येतो. ही रद्दी काढा, बिल्डिंगला वाळवी लागेल." दादा म्हणाला, "वाळवीला चांगलं काय ते कळतं. तुमच्याकडे येते का कधी?"

पहिलं पोस्टर त्याने लग्नाआधी घेतलं. मालाडला एका थिएटरमागे पोस्टरं चिकटवणारा शिडीवर चढत होता, हातात खळीची बादली, खांद्यावर पोस्टर. त्यावर कंदील धरलेली एक बाई होती. "भिंतीला नको लावू, मला दे," दादा म्हणाला. खिसा रिकामा होता, पण पायात नव्या चपला होत्या आणि त्या शिडीवाल्याला बरोब्बर बसल्या. भर उन्हात मालाडहून अनवाणी चालत आलेला मुलगा बघून काकू दारातच रडली. "झिलान माज्या माका न सांगता नवस केल्यान गो!" असं तिने मजलाभर सांगितलं आणि शिरा केला. दादाने तो मुकाट्याने खाल्ला. खरी गोष्ट त्याने जन्मात फक्त मलाच सांगितली.

म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर दादा काकूला आणायला गावी गेला होता आणि बिल्डिंगच्या गणपतीचं मखर माझ्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी पाठीमागचा मोठा कागद फाटला. मी वहिनीकडून ट्रंकेची किल्ली घेतली. वरचं कुठलंही पोस्टर चाललं असतं. मी तळातलं काढलं, कंदीलवाल्या बाईचं. त्या ताठपणाचा मलाही कंटाळा आला होता. एकदा तरी याची जिरावी, असं वाटलं. कोऱ्या बाजूला निळा रंग दिला आणि देवामागचं चक्र फिरायला मधोमध ताटाएवढं भोक पाडलं. बाईचा चेहरा गेला.

दादा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आरती चालू होती. त्याने चक्राकडे पाहिलं आणि मखराच्या मागे गेला. मी जवळ जाऊन म्हणालो, "दादा, घाईत चुकून घेतलं रे."

"आरती सोडू नको. म्हण पुढे."

विसर्जनापर्यंत प्रत्येक आरतीला तो मागेच उभा राहिला, पोस्टरकडे तोंड करून. चेअरमन कुजबुजले, "अहो, देव पुढे आहे!" दादा मोठ्याने म्हणाला, "माझा मागे आहे."

विसर्जनाच्या दिवशी त्याने ते स्वतः सोडवलं आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोर, भोकासकट टांगलं. आजवर त्याने एकही पोस्टर टांगलं नव्हतं. मी म्हणालो, "दादा, आत ठेव ना. लोक विचारतील."

"विचारू देत. भोक तुझं आहे, पोस्टर माझं आहे. मी कशाला लपवू?"

त्याला सगळं कळलं होतं. तरी लोकांनी विचारलं की तो एवढंच सांगायचा, "तिथे देवाचं चक्र फिरत होतं." माझं नाव त्याने कधी घेतलं नाही आणि मीही ते कधी सांगितलं नाही.

दादा गेल्यावर वहिनीने ते पोस्टर मला दिलं. आता ते माझ्या भिंतीवर आहे. बायको विचारते, "घरभर स्लिपर घालून हिंडता, मग इथे आलात की का काढता?"

मी म्हणतो, "नवस आहे."