मामांच्या सुनावणीला गाव गेलं

मी पदवीधर झालो तो माझ्या मधल्या मामांमुळे. पडघ्याच्या आतल्या आमच्या गावातून रोज कॉलेजला येणं जमेना, तेव्हा त्यांनी मला कॉलेजजवळ कामतघरला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढच्या खोलीत कापडाच्या लूमचा आवाज, म्हणून मागची खोली मला दिली आणि तिथला आपला पत्त्यांचा डाव ओट्यावर, रस्त्याच्या तोंडावर नेला.

ओट्यावर ते वरचेवर जुगारात सापडू लागले. पोलिसांना चहा विचारायचे, कोर्टात गुन्हा कबूल करायचे, दंड भरायचे आणि जेवायला घरी यायचे. त्या कबुल्या त्यांच्या नावावर साठत होत्या, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात मामांना पोलिसांची नोटीस आली: ठाणे, मुंबई आणि रायगड जिल्ह्यांतून दोन वर्षं तडीपार का करू नये? मामेबहिणीचं, ताईचं लग्न नुकतंच ठरलं होतं. नोटीस मीच वाचून दाखवली.

मामा म्हणाले, "तडीपार गुंडांना करतात. मी काय कोनाला मारलंय? बसून पत्तं खेलतो."

"बसून खेलता म्हनून तर सापडता," मामी म्हणाली.

लेकीचं लग्न होईपर्यंत घरात राहू द्यावं, एवढंच मामांचं मागणं होतं. वकिलांनी सांगितलं, चांगलं बोलतील अशी दोन प्रतिष्ठित माणसं सुनावणीला आणा. पण आमच्यात साखरपुडा असो की मयत, माणसाला एकटं सोडत नाहीत. मामीने मामांच्या मूळ गावी निरोप धाडला आणि सुनावणीच्या सकाळी टेम्पो भरभरून गाव आलं. बायका डबे घेऊन पोलीस कचेरीच्या आवारात बसल्या. चुलत आजोबांनी दारावरच्या हवालदाराला मोठ्याने विचारलं, "आमच्या पोराच्या इरोधात बोलतो कोन? त्याला आमच्यासमोर आना."

ते आत ऐकू आलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी खिडकीतून आवार पाहिलं आणि ते शांतपणे वकिलांना म्हणाले, "याच्या दहशतीमुळे कोणी उघड साक्ष देत नाही, असं नोटिशीत लिहिलंय. ते आता मला दिसतंच आहे."

मी उभा राहिलो. ही नात्यातली माणसं आहेत, मायेने आली आहेत, असं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. बाहेर गाव डबे उघडून जेवत होतं. काम चांगलं झालं असंच सगळ्यांना वाटत होतं.

तडीपारीचा हुकूम झाला. पोलिसांनी मामांना कसाऱ्याचा घाट ओलांडून हद्दीबाहेर सोडलं. घोटीला एका ओळखीच्या माणसाच्या खोलीवर ते राहू लागले. लग्नाच्या आठवड्यात मी त्यांना लिहिलं:

"ती. मामांस, सा. न.

अपील फेटाळलं. लग्नापुरती परवानगीही नाकारली. हळदीला गुपचूप येईन, असं तुम्ही मामीला म्हणालात. येऊ नका. मांडवातून उचलून नेतील, आणि ते ताईच्या देखत होईल. गाव म्हणतंय, आम्ही मध्ये उभे राहू. त्यांना मी हात जोडून नाही म्हटलं आहे.

कन्यादानाला धाकटे मामा-मामी बसतील. मंगलाष्टकं सुरू झाली की मी तुम्हाला फोन लावून मोबाईल ताईजवळ धरेन. बोलता येणार नाही, नुसतं ऐका. याहून जास्त मला काही जमलं नाही.

तुमचा भाचा"