कमरेत पीळ बसलेला पिठ्या

आमची ताई किडे ओळखण्याचा पगार घेते, हे लोकांना पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस येतो. "म्हणजे औषध मारते का?" नाही हो, मारणारे वेगळे! कुणाच्या झाडावर काही दिसलं की डबीत घालून तिच्या ऑफिसात पाठवतात, आणि हा नेमका कोण ते ताई सांगते. त्यातही तिचा जीव पिठ्या ढेकणांवर. अंगभर पीठ माखल्यासारखा दिसणारा, झाडाचा रस पीत एका जागी ठाण मांडून बसणारा प्राणी. थेट आमच्या धाकट्या आत्यासारखा, असं मी म्हटलं की बाबा डोळे वटारतात.

बाबांनी उभा जन्म बांबू सोलून टोपल्या आणि शिड्या केल्या. आता छातीच्या दुखण्याने खाटेला खिळलेत. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावून काय ते हळू आवाजात सांगितलं होतं.

अशात बांबूवरचा एक पिठ्या ताईकडे आला. पेरावरच्या कोरड्या पापुद्र्याखाली लपणारा, बिनपायांचा. असल्याची ओळख वरवर बघून पटत नाही. आधी पोटॅशच्या कोमट पाण्यात आतलं सगळं विरघळवायचं, उरलेलं कातडं गुलाबी रंगवून काचेवर पसरायचं, आणि सूक्ष्मदर्शकातून त्यावरची बारीक छिद्रं बघायची. कुठल्या आकाराची, पाठीवर की पोटावर. चित्र काढायची रीतही गमतीची. एकाच किड्याच्या मधोमध रेघ, डावीकडे पाठ, उजवीकडे पोट.

याच्या पाठीवर, शेपटाकडच्या भागात, कुठल्याच पुस्तकात नसलेली छिद्रं होती. म्हणजे नवी जात! इतक्या वर्षांच्या नोकरीत ताईला पहिल्यांदाच गवसलेली. नव्या जातीला नाव देण्याचा मान तिचा, आणि तिने बाबांचं नाव द्यायचं ठरवलं, लॅटिनचं शेपूट लावून. लेख पाठवला, तो छापायला मंजूरही झाला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोललेच नाहीत, भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल. ताईने चित्राची प्रत खाटेजवळ लावली. येईल त्याला मीच ऐटीत सांगायचे, "हे आमचे बाबा."

पहिल्या खेपेला एकच मादी धड मिळाली होती. छापण्याआधी आणखी नमुने हाताशी असावेत म्हणून तो जिथून आला त्या बांबूच्या बेटात ताई स्वतः गेली. नव्या काचा तयार केल्या, बघितल्या. छिद्रं तीच, पण पोटावर. पाठ कोरी. तिने पहिली काच परत लावली. पसरताना त्या पातळ कातड्याला कमरेत पीळ बसला होता. पुढचा भाग सरळ, मागचा उलटा. पाय असते तर लगेच लक्षात आलं असतं. पोटावरची छिद्रं तिने पाठीवर दाखवली होती, आणि पोटावर छिद्रं असलेला हा पिठ्या कधीचाच ओळखीचा होता.

घरी येऊन चपलाही न काढता ती स्वयंपाकघरात बसली आणि मला सगळं सांगितलं. "मला नवी जात हवी होती गं. म्हणून पीळ दिसला नाही."

"मग दुसऱ्या कुणाला दिसणार आहे? गप्प बस. त्याची पाठ काय नि पोट काय, कुणाचं अडलंय? बाबा आहेत तोवर तरी..."

"उद्या कुणीतरी हे चित्र समोर ठेवून ओळखायला बसेल आणि डोकं फोडून घेईल. मी लेख मागे घेतेय. बाबांना मीच सांगते."

माझा असा संताप झाला! हातातलं पातेलं मी आपटलंच. मोठी आली तत्त्वाची पुतळी.

ताई बाबांच्या खाटेवर बसली आणि एकूणएक सांगितलं. बाबांनी डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून धावले, तर ते हसत होते.

"सुटलो गं बाई! अगं, याच पांढऱ्याच्या चिकट्याने बुरशी धरून माझे चांगले चांगले बांबू काळे पडले. जन्मभर शिव्या घातल्या मी त्याला, आणि तू माझंच नाव द्यायला निघालीस!"

"मग बोलला का नाहीत?" ताईने विचारलं.

"तू इतकी हरखली होतीस. तोंड उघडवेना."

मी कपाळावर हात मारला. बाबांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं. पेला परत देत, आमच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "पण दुसरा एखादा नवा सापडायला किती वेळ लागतो गं?"

कातड्याच्या एका पिळापायी मंजूर झालेला लेख मागे घेणारी ही बाई. आता ती काय सांगेल या भीतीने मी तिच्याकडे बघेना.

ताईने बाबांचा हात हातात घेतला. "लवकर सापडतो, बाबा. या दिवसांत तर खूप येतात."

"फुलांवरचा बघ एखादा," बाबा म्हणाले.

"बघते," ती म्हणाली, आणि मीही जोरजोरात मान हलवली.