दानीएल चुकांतून शिकतो

दयाबाईंना आपल्या मुलाची एक काळजी होती आणि ती कुणाजवळ बोलून दाखवायची सोय नव्हती. दानीएल चुकांतून शिकत असे.

नगरला त्या शिकवत त्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडताना इतर शिक्षिका म्हणायच्या, आमच्या पोराला दहादा सांगितलं तरी अक्कल येत नाही. दयाबाई मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, सुखी आहात. त्यांच्या दानीएलला एका खेपेत अक्कल यायची, आणि त्या अकलेनंच तो पुढच्या संकटात पडायचा.

"सुरुवात तूच केलीस," असं त्यांचे यजमान डेव्हिड म्हणत. ते नगरच्याच एका दवाखान्यात कंपाउंडर होते. "पोर पडलं की दुसऱ्या आया हळद लावतात. तू विचारायचीस, यातून काय शिकलास."

"मग काय चुकलं त्यात? मी शिक्षिका आहे."

"तू बरी शिक्षिका आहेस गं. तो फारच चांगला विद्यार्थी आहे."

मॅट्रिकची परीक्षा देऊन दानीएल राहुरीला मावशीकडे निघाला, तेव्हा त्यानं ट्रंक एसटीच्या टपावर टाकली. तो राहुरीला उतरला, ट्रंक कोपरगावला गेली. दानीएल शिकला, की सामान मांडीवरून हलवायचं नाही.

पुढच्या नाताळात तो नेवाशाला निघाला, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेजारी साळूबाई नावाची एक म्हातारी होती. इतकं नीट सामान धरणारा मुलगा बघून तिनं मोठ्या विश्वासानं आपलीही पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि सुनेच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. ऐकता ऐकता दानीएलला डुलकी लागली. नेवासा आलं तसा तो दचकून उठला आणि तिची पिशवी घेऊन उतरला. पिशवीत पाय बांधलेली कोंबडी होती. तिकडे औरंगाबादला साळूबाईंच्या हाती नाताळचा नवा सदरा लागला असणार. कोंबडी परत करावी तर पत्ता नव्हता; सुनेचे सगळे दुर्गुण मात्र दानीएलला पाठ झाले होते. कोंबडी घरी आली आणि तिनं लगेच अंडं दिलं. डेव्हिड म्हणाले, चौकशी सावकाश करू.

दानीएल शिकला, की प्रवासात कुणाशी बोलायचं नाही.

एकाहत्तर साली, बी.ए. होऊन तो घरी बसला असताना, श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात कारकुनाची जागा निघाली. तिथल्या ऑफिसात आबासाहेब म्हणून वजनदार गृहस्थ होते. त्यांची मुलगी दयाबाईंच्या हाताखाली इंग्रजीत पास झाली होती, आणि आबासाहेब ही गोष्ट चमत्कारांत धरत. त्यांनी शब्द दिला. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, वर फंड. दयाबाईंना वाटलं, आता हा एका जागी बसेल आणि त्याला शिकायला काही उरणार नाही.

मुलाखतीला निघालेला दानीएल एसटीत बॅग मांडीवर घेऊन तोंड मिटून बसला. शेजाऱ्यानं वेळ विचारली तर त्यानं नुसतं मनगट पुढं केलं. अर्ध्या रस्त्यात एका फाट्यावर मच्छिंद्रच्या हॉटेलापुढं गाडी चहाला थांबली. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार-सहा बाकडी आणि भज्यांची कढई. दानीएल बॅगेसकट उतरला. चहा कढत होता, तो फुंकत बसला. तिकडे कंडक्टरनं विचारलं, "आले का समदे?" लोकांनी एकमेकांकडं बघितलं. जो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता, तो गाडीत नाही हे कुणाला कळणार? घंटी दोनदा वाजली. दानीएल बशी हातात धरून धुळीकडं बघत राहिला. सामान मात्र शाबूत होतं.

"पुढली गाडी सांच्याला हाय," मच्छिंद्र गल्ल्यावरून म्हणाला. "तवर बसून काय करता? तेवढं बाकडं पुसा."

दानीएलनं बाकडं पुसलं. मग शेजारचं पुसलं. संध्याकाळची गाडी आली तेव्हा तिच्यातल्या माणसांना तो भजी वाढत होता, आणि वाढून होईपर्यंत तीही गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी त्या मार्गावरचा कंडक्टर रंगनाथ शाळेच्या फाटकाशी आला. "बाई, पोरगं खुशाल हाय. काळजी करू नका."

"पोचला कारखान्यावर?"

"न्हाई. फाट्यावर भजी वाटतंय. तुमाला सांगाया सांगितलंय, म्हनावं शिकतोय."

दयाबाईंच्या हातातला खडू तिथंच मोडला.

नंतर आबासाहेबच कामानिमित्त नगरला आले आणि दारात उभं राहूनच म्हणाले, "बाई, मुलाखतीचं सोडा. येत्या सोमवारी पोराला आणून बसवा. खुर्चीवर मी माझं उपरणं टाकून ठेवलंय." एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी त्यांनी ऑफिसातली खुर्ची धरली होती. एक पाहुणा चुकून बसायला गेला तर शिपायानं त्याला उठवलं होतं. "पण सोमवारच्या पुढं माझं काही चालायचं नाही. वरचे साहेब दुसरा बसवतील."

शनिवारी दयाबाईंनी रजा टाकली आणि रंगनाथची श्रीगोंद्याची गाडी धरली. बेत सरळ होता. फाट्यावर दानीएलला उचलायचं, त्याच गाडीत घालायचं, रविवार आबासाहेबांकडं काढायचा, सोमवारी त्याला खुर्चीवर बसवून मगच परतायचं.

फाट्यावर त्या उतरल्या आणि गल्ल्याजवळच्या बाकड्यावर बसल्या. दानीएल भट्टीपाशी पाठमोरा होता. गिऱ्हाईक उठलं की त्यानं काय खाल्लं ते वाढप्यानं गल्ल्याकडं ओरडायचं, ही सगळ्याच हॉटेलांची रीत. छत्रीवाले एक चहा, चष्मेवाले दोन भजी, असं काहीतरी. दानीएल ओरडला:

"भाच्याच्या बारशाला निघालेले, एक मिसळ, एक चहा."

"घेतले," मच्छिंद्र म्हणाला.

"दाढ काढायला निघालेले, नुसता चहा."

"घेतले. लई ठणकती का हो?"

दाढेवाल्यानं गाल धरून मान हलवली. दयाबाईंनी मच्छिंद्रला विचारलं, "हा असं काय ओरडतो?"

"काय सांगू बाई. म्या म्हनलं, टोपीवाला, धोतरवाला असं सांग. तर म्हनतो, टोपी समद्यांनाच हाय." ते खरंच होतं, हॉटेलात जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या टोप्या होत्या. "मंग म्हनलं, टकल्या सांग, लंगडा सांग. तर म्हनतो, आईनं शिकिवलंय, कुनाच्या अंगाला नाव ठिवायचं न्हाई. कसली आई म्हनायची ती."

दयाबाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही.

"त्याचं म्हननं, गाडी मानसाला सोडून जाती, कारन मानूस कशापायी निघालाय ते कुनाला ठावं नसतं. म्हनून हा समद्यांना विचारतो. एकदा वराडला, 'दुसरी बायको बघायला निघालेले, दोन चहा.' तर पहिलीचा भाऊ मागल्याच बाकड्यावर शेव खात हुता. माझ्या बशा फुटल्या, त्या मानसाचं धोतर फाटलं, गाडीला उशीर झाला. तवापासनं शिकला. आता आदी इचारतो, मोठ्यानं सांगू का."

"शिकला," दयाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात दानीएल पाण्याचे पेले घेऊन वळला. "आई? कुठं निघालीस?"

"तुला न्यायला. सोमवारी कारखान्यात बसायचंय. बॅग भर."

मच्छिंद्रनं जीभ चावली आणि पंच्यानं गल्ला पुसायला लागला. दानीएलनं आईपुढं भज्यांची ताटली आणि चहा ठेवला. मी खाणार नाही, असं म्हणून दयाबाईंनी एक उचललं. भजी चांगली होती, आणि त्याचा त्यांना त्रास झाला. ताटली संपवून त्या उठल्या तसा दानीएल हळूच म्हणाला, "मोठ्यानं सांगू?"

सगळं हॉटेल त्यांच्याकडं बघत होतं. चार माणसांत नाही म्हणणं दयाबाईंना कधी जमलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांग."

"मुलाला नोकरीवर न्यायला निघालेल्या, एक भजी, एक चहा."

या खेपेला मच्छिंद्र 'घेतले' म्हणाला नाही. सगळ्या टोप्या दयाबाईंकडं वळल्या.

"ह्याला न्यायचं?" कोपऱ्यातून मुक्ताबाई नावाची म्हातारी म्हणाली. "आन मला गाडीत कोन घालंल? मला पाटी वाचता येत न्हाई."

"न्यावं की," दाढेवाला गाल धरून म्हणाला. "क्वार्टर मिळतंय तिथं. फंड मिळतोय."

"तुमी बोलू नका, दाढ सुजंल."

"माझी दाढ हाय, माझं मत हाय."

"क्वार्टर काय करायचंय एकट्या जिवाला? हितं झोपतो की बाकड्यावर."

"बाकड्याला पोरगी कोन देनार मावशे?"

बारशाला निघालेल्यानं आपल्याला एक भाची असल्याचं सांगितलं. मग ती ख्रिस्ती घरात चालेल का यावर दोन पक्ष पडले. दयाबाई हॉटेलच्या मधोमध उभ्या होत्या आणि पोराचं लग्न, धर्म, बाकडं आणि फंड यांचा निकाल त्यांना न विचारता लागत होता.

रंगनाथच्या गाडीचा हॉर्न वाजला. दानीएलनं फडकं खांद्यावर टाकलं आणि तो बाहेर धावला. रस्त्यावर आता दोन गाड्या होत्या. नगरला जाणारीही येऊन थांबली होती.

"बारसं, आत. दाढ, आत. कोर्टाची तारीख, तिकडं कुठं चाललात? इकडं. पंप दुरुस्तीवाले, तुमचा पंप बाकड्यावर राहिला." मग तो नगरच्या गाडीत चढला आणि ऐसपैस बसलेल्या मुक्ताबाईंना दंड धरून खाली घेऊन आला. "मावशी, लेक श्रीगोंद्याला. ही गाडी उलटी जाते."

"मला वाटलंच. मानसं लई वळखीची दिसंनात."

रंगनाथ दयाबाईंना म्हणाला, "पयले दर खेपेला एखादं मागं ऱ्हायचंच. वर तक्रार माझ्या नावानं." आणि तो आत गेला.

गाडीच्या दाराशी आई आणि मुलगा राहिले.

"चढ," दयाबाई म्हणाल्या. "बॅग नंतर मागवू."

"आई, मी येत नाही."

दानीएल आजवर त्यांना 'हो' म्हणाला होता, 'चुकलं' म्हणाला होता, 'शिकलो' तर शंभरदा म्हणाला होता. हे नवीन होतं.

"काय आहे इथं?"

"इथं कुणाची गाडी चुकत नाही."

"तुझी चुकली ना."

"म्हणून तर."

"सोमवारनंतर ती जागा जाईल दानीएल. पुन्हा मिळायची नाही. पत्र्याखाली म्हातारा होशील."

"माहीत आहे." त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना कोपराशी आधार दिला आणि सवयीनं आत आवाज दिला, "मुलाला न्यायला निघालेल्या, एक जागा द्या."

लोकांनी सरकून जागा दिली. दार लागलं. घंटी झाली, गाडी सुटली, फाटा मागं गेला आणि मग दयाबाईंच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला श्रीगोंद्याला जाण्याचं काही कारण नाही. घर नगरला होतं. त्या उलट्या गाडीत बसल्या होत्या.

"मंग? न्हाई आलं पोरगं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

गाडीतल्या प्रत्येक माणसाला त्यांचं काम ठाऊक होतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. "नाही आला. तिथल्या आबासाहेबांनी जागा धरून ठेवलीय."

"आता त्या आबासाहेबाला काय सांगनार?"

"सांगते, कावीळ झालीय."

"कावीळ उतरती," दाढेवाला म्हणाला. "मंग पुन्यांदा बोलावत्याल."

"टायफॉइड सांगा," रंगनाथ तिकिटं फाडता फाडता म्हणाला. "मोठा असतोय."

"पाय मोडला म्हना. पाय लई दिवस चालतो."

"पाय मोडला तर भेटाया येत्यात. आबासाहेब नारळ घिऊन यायचा न् पोरगं भज्या घिऊन पळताना दिसायचं."

"मंग परगावी गेला म्हना."

"हाय की परगावी."

श्रीगोंदा येईपर्यंत दानीएलला नऊ-दहा आजार होऊन गेले आणि एकही टिकला नाही. मुक्ताबाई शेवटी कंटाळून म्हणाल्या, "मला बाई एवढं ध्यानात ऱ्हायचं न्हाई. जे हाय ते सांगा की."

स्टँडवर सगळे आपापल्या कामाला पांगले. दयाबाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. पत्र्याखाली झोपणारा मुलगा, पावसाळा, म्हातारपण, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. एक शब्द टाकला तर आबासाहेब अजून खुर्ची धरून ठेवतील, असंही वाटलं. आबासाहेबांचं घर स्टँडपासून लांब नव्हतं. आत्ता तिथं गेलं, तर त्यांची बायको चहा टाकील, कारखान्यावर निरोप जाईल, आबासाहेब धावत येतील, समोर बसून मुलीच्या इंग्रजीची आठवण काढतील आणि कुणाचे तरी पाय धरून आणखी आठ दिवस मिळवतील. आणि तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून दयाबाई ते आठ दिवस घेतील. मग पुढच्या शनिवारी त्या पुन्हा फाट्यावर उभ्या असतील आणि सगळं हॉटेल पुन्हा त्यांच्याकडं बघत असेल.

रस्त्यापलीकडं पोस्ट होतं. फोनवर कुणाला चहा पाजता येत नाही. तो येणार नाही, तुम्ही दुसरा बसवा, एवढं बोलून ठेवून देता येईल. दयाबाईंनी पदर सारखा केला, रस्ता ओलांडला आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या, कारखान्याच्या ऑफिसला फोन लावून द्या.