बेटाचं मतदान आणि विरजण

"पोर चांगली शे, पण बोलस नही. जाऊ दे, बेटनं एक मत तं वाढनं!"

लग्नानंतर चौथ्या दिवशी आमचे आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, ओट्यावर बसून माझ्याबद्दल हे म्हणाले. मी दाराआड चहा गाळत होते. गाळणी जरा जास्तच आपटली गेली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

न बोलणाऱ्या सुनेचा एक फायदा असतो. तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात! त्या एका निवडणुकीत माझ्याकडे इतके किस्से साठले, की अमळनेरला माहेरी गेले की मैत्रिणी अजून मला धड जेवू देत नाहीत. "हं, मग त्या होडीचं काय झालं?"

सांगते. आधी बेट.

तापीच्या दोन धारांमध्ये आमची एकेचाळीस घरं. ग्रामपंचायत मात्र नदीपल्याडच्या गावाची. बेटासाठी मंजूर झालेला हातपंप पल्याडच्या सरपंचाच्या गोठ्याजवळ बसला. का, तर म्हणे बेटावर मशीन नेता येत नाही! त्यामुळे आम्ही बायका नदीचं गढूळ पाणी आणायचो आणि त्यात तुरटी फिरवत बसायचो. लग्नात हाताला मेंदी लागली होती, ती तुरटीनेच उतरली.

नव्याण्णवची विधानसभा आली आणि बेटाने ठरवलं, यंदा एकच मागणी. आमची वेगळी ग्रामपंचायत!

* * *

समिती झाली सात जणांची. पहिल्याच बैठकीत कळलं की सातही जण सरपंच होणार आहेत.

माझे सासरे, नाना, अध्यक्ष. त्यांनी अमळनेरहून पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला, 'ग्रामपंचायत कार्यालय'. बोर्ड आला, पण पंचायत नाही, कार्यालय नाही, लावायचा कुठे? आठवडाभर भांडण. प्रत्येकाला तो आपल्याच दारावर हवा. तेवढ्यात पाऊस आला आणि माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, तो उचलून गोठ्याच्या गळक्या छपरावर टाकला.

बेटावरचं पहिलं सरकारी कार्यालय आमच्या म्हशीला मिळालं!

* * *

एका बैठकीला शाळेचे गुरुजी आले. त्यांनी सहज सांगितलं, "आता आरक्षण आहे. पहिलं सरपंचपद बाईलाही जाऊ शकतं."

सातही जण एकदम चपला शोधायला लागले.

त्या संध्याकाळी आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणाले, "नाना विचारताहेत, अक्काला सही येते का?" नळावर, चुकले, नदीवर दुसऱ्या दिवशी कळलं, सातही घरांत हाच प्रश्न विचारला गेला होता. अक्कांनी उत्तर दिलं होतं, "येस. पण कागद वाची मंग करसू."

तेव्हापासून नानांनी आरक्षणाचा विषय काढला नाही.

* * *

आता होडी. आमचा नावाडी झिपरूभाऊ. पहिला उमेदवार प्रचाराला आला तो कडक इस्त्रीत. झिपरूभाऊने त्याला होडीत घेतलं आणि बरोबर मधल्या धारेत वल्ही वर उचलून ठेवली.

"साहेब, वेगळी पंचायत देणार का? इथंच सांगा."

"अहो, काठावर सभेत सांगतो ना!"

"काठावर गेल्यावर माणसाला आठवत नाही."

होडी गोल फिरायला लागली. साहेबांनी दोन्ही हात वर करून आश्वासन दिलं. असं मनापासून दिलेलं आश्वासन मी आयुष्यात पाहिलं नाही, आम्ही सगळ्या घाटावरून बघत होतो!

ही बातमी दुसऱ्या उमेदवाराला लागली. तो ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब कमरेला अडकवूनच होडीत बसला. मधल्या धारेत झिपरूभाऊने वल्ही उचलली. हा शांत.

झिपरूभाऊने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तयारी चांगली शे. मंग उतरा."

त्यानेही आश्वासन दिलं.

* * *

पण दोघांनीही काठावर येऊन एकच पाचर मारली. "तुमचं आपसात एकमत आहे का? आधी ते कळवा, मग पुढचं बोलू."

एकमत नव्हतंच. आबांचा ठाम विरोध. पल्याडचा सरपंच त्यांचा व्याही! "वेगळं व्हयीसन काय खाशात?" असं ते घरोघर सांगत फिरत होते.

मग ठरलं, बेटावर आधी आपलंच मतदान घ्यायचं. वेगळी पंचायत हवी त्याने मडक्यात ज्वारीचा दाणा टाकायचा, नको त्याने तुरीचा. एका घराचा एक दाणा, आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषाने टाकायचा. मडकं दिवसभर आमच्या माजघरात राहणार. राखायला कोण? राखणाऱ्याने कोणी काय टाकलं ते कोणाला सांगता कामा नये.

"नवी सून शे ना," आबाच म्हणाले. "ती कोणले काय सांगाव शे? बोलसच नही!"

दुपारपर्यंत एकेचाळीस पुरुष येऊन गेले. मुठी घट्ट, चेहरे गंभीर.

त्यानंतर बायका यायला लागल्या. विरजण मागायला. पहिल्या अक्काच. त्यांच्याच घरातलं विरजण त्यांनी माझ्याकडे मागितलं! मग शेजारची, मग तिची जाऊ, मग झिपरूभाऊची बायको. मी प्रत्येकीला वाटीत विरजण घालून दिलं आणि तेही प्रत्येक वेळी मडक्याकडे पाठ फिरवून. शेवटी आलेल्या म्हातारीच्या घरी तर दुभतं जनावरच नव्हतं.

संध्याकाळी ओट्यावर सगळं बेट जमलं. नानांनी मडकं उपडं केलं. गुरुजींनी दाणे मोजले. पुन्हा मोजले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले.

घरं एकेचाळीस. दाणे एकोणऐंशी. आणि ज्वारीचा ढीग तुरीच्या ढिगाच्या जवळजवळ तिप्पट!

आबा ताडकन उठले. "घोटाळा! बठ्ठं रद्द करा! आपलं एकमत नही, असं कळवी टाका उमेदवारले!"

ओट्याखाली बायका डोक्यावरचा पदर दातात धरून उभ्या. तुरटीने पांढरे पडलेले त्यांचे हात मला दिसत होते. आबा माझ्याकडे वळले.

"सूनबाई, मडकं तुन्हाजोडे व्हतं. कोणी टाकात हाई जास्तीना दाणा?"

मी उंबऱ्याबाहेर आले.

"एक माझा आहे, आबा. ज्वारीचा. बाकीच्यांची नावं मी कशी सांगणार? मी बोलत नाही ना!"